गोणपाटाचा अंधार

दारूखान्यातली शेड. चार भट्ट्या, चार ऐरणी,
आणि कुठल्याशा तोडलेल्या बोटीतलं एक घड्याळ भिंतीवर.
वेळ सहा तास. पातं सव्वीस इंच, त्याखाली नाही.
लोखंड ज्याचं त्यानं आणायचं.
मी ट्रकचा कमानपाटा आणला,
शिवडीच्या गॅरेजातून, किलोच्या भावानं.

नाव पुकारलं, झुंबर साळुंके.
परीक्षकानं मागं बघितलं, मिस्त्री कुठाय?
म्हटलं, आमच्यात घण बाईच मारते,
बाप्याच्या हातात फक्त सांडशी.
सांडशी धरणारा भायखळ्याच्या दवाखान्यात
दोन दिवसांसाठी म्हणून गेला होता.

ठोकण्याचं मला काही वाटत नाही.
धारेची बाजू पातळ होत गेली
की पातं आपणहून पाठीकडं वळतं,
म्हणून आधीच त्याला उलटा वाक देऊन ठेवायचा,
रुसणाऱ्या पोराला आधीच समजावल्यासारखा.
तिसऱ्या तासाला पिपळा निघाला, मूठ बसेल एवढी शेपटीही.
अडतं ते पाणी देताना.

पिकलेलं तोंडलं फोडल्यावर आत दिसतो,
तो रंग हवा. एवढाच.
त्यापुढं पळस फुलला तर पोलादाचा दाणा मोठा होतो,
रव्याची साखर होते,
मग धार कितीही लावा, पातं काचेचं.

आणि दुपारचे दोन.
पत्र्याला गंजून पडलेली भोकं, प्रत्येक भोकातून ऊन खाली.
उन्हात तापलेलं लोखंड खोटं बोलतं,
पुरेसं लाल असून नाही म्हणतं.
आम्ही पाणी द्यायचो ते कोंबड्याच्या आधी.

डावीकडं पवईचा अर्चित, भट्टीत वायर सोडून आकडे वाचतोय.
उजवीकडं परेरा, गोदीतले जुने फिटर,
फुटक्या स्पीकरचं चुंबक तारेला टांगलेलं;
लोखंडानं चुंबकाची ओळख सोडली की ते समजतात.
माझ्याकडं डोळे.
साहेब, म्हटलं, जरा अंधार मिळेल का?
हसले सगळे.
मुंबईत अंधार मागणारी पहिलीच असेन.

परेरा हसले नाहीत.
आपली भट्टी तशीच सोडून आले,
कोळशाचं गोणपाट झटकलं आणि माझ्या डोक्यावर धरून उभे राहिले.
त्यांचं घड्याळ चालू होतं.
गोणपाटाखाली कोळशाची भुकटी, माझा श्वास,
आणि समोर हळूहळू पिकणारं तोंडलं.
आता.

पिंपात तेल, कोमट करून ठेवलेलं.
उभंच घालायचं, तिरपं गेलं की वाकतं.
भडका, धूर, मनात दहा आकडे.
आणि टिण्.

वाटीवर नख मारावं एवढाच आवाज.
शेडमधले सगळे हातोडे थांबले,
जो तो आपापल्या पात्याकडं बघायला लागला.
माझंच होतं.
पिपळ्याखाली वीतभर, केसाएवढी रेघ.

घासून पॉलिश केलं असतं तर दिसली नसती.
नारळ कापला असता. सुंभाचा दोरही.
पण शेवटी पातं शिकंज्यात धरून वाकवतात,
आणि वाकवणाऱ्याचा हात तिथंच असतो.
साहेब, म्हटलं, हे घेऊ नका.

परेरांचं पातं वाकून सरळ आलं.
अर्चितचं वाकलं ते वाकलेलंच राहिलं;
आकडा बरोबर होता, म्हणत होता तो,
शेड रिकामी होईपर्यंत म्हणत होता.

रात्री शिवडीला, पुलाखाली,
रेघेवर घाव घालून मी पातं मोडलं.
बॅटरी धरून आत बघितलं.
दाणा बारीक, राखाडी, एकसारखा. रवाच.
फक्त एका कडेला नखाएवढा तपकिरी डाग, जुन्या गंजाचा.
म्हणजे भेग आधीची होती,
कुठल्याशा घाटात ट्रकनं खाल्लेल्या खड्ड्याची.
मी कमानपाटा घेताना वाजवून बघितला नव्हता.

रंग बरोबर होता, मी म्हटलं,
सांडशी टांगली होती त्या खिळ्याकडं बघून.

गोणपाट माझ्याचकडं राहिलंय.
माझगावला जाऊन द्यायला हवं.